अंत्यकाळाची वचने एकत्र वाचू या

२०२५ सालच्या सप्टेंबर महिन्यात दोन वार्ता एकाच वेळी आपल्या हातातील भ्रमणध्वनींवर येऊन पोहोचल्या. पहिली दूरची होती. दक्षिण आफ्रिकेतील एका उपदेशकाने, प्रभू येशूने आपल्याला दर्शन दिल्याचा दावा करून, २३ व २४ सप्टेंबर हे प्रभूच्या येण्याचे दिवस म्हणून जाहीर केले होते. त्या दिवशी विश्वासणारे वर उचलले जातील आणि मागे राहिलेल्यांवर महासंकट कोसळेल, असे त्याचे सांगणे होते. त्याच्या चित्रफिती जगभर पसरल्या. काही लोकांनी नोकऱ्या सोडल्या, काहींनी घरातील चीजवस्तू विकल्या, असे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले.

दुसरी वार्ता आपल्या दाराशी आलेली होती. नेमक्या त्याच दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. धाराशिव जिल्ह्यातील परंडा व भूम तालुक्यांत नद्यांनी पात्र सोडले, सीनेचे पाणी गावांत शिरले, माणसे घरांच्या छतांवर अडकली. त्यांना बाहेर काढण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आले, लष्कराचे हेलिकॉप्टर आले. काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले, जनावरे दावणीलाच बुडाली, कित्येक शेतांतील माती खरवडून गेली.

अशा दोन वार्ता एकदम आल्या की भ्यालेल्या मनाला त्यांची सांगड घालायला वेळ लागत नाही. ‘पवित्र ग्रंथात लिहिले आहे तसेच घडते आहे’ हे वाक्य मग घरोघरी उच्चारले जाते. या वाक्याकडे आम्ही थट्टेने पाहत नाही. ज्याच्या डोळ्यांदेखत शेत वाहून गेले, त्याने जगाच्या अंताचा विचार करणे स्वाभाविक आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. हा विचार त्याने कोणाच्या सोबतीने करावा?

चुकलेल्या तारखांची परंपरा

अंताची तारीख ठरवण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हता. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ या दिवशी प्रभूची वाट पाहिली. तो दिवस इतिहासात ‘महानिराशा’ या नावाने नोंदला गेला. हॅरल्ड कँपिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख दिली आणि तिचे फलक अनेक देशांत लागले. ती तारीखही गेली.

आपण कॅथलिक आहोत, आपल्यात असे होत नाही, असे म्हणण्याचीही सोय नाही. संत मलाखी यांच्या नावावर खपवलेली पोपमहोदयांविषयीची भाकिते १५९५ साली प्रथम छापली गेली. ती बनावट असल्याचे अभ्यासकांचे मत आहे. तरीही २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस निवर्तले तेव्हा, ‘यादीतील शेवटचे पोप झाले’ असे संदेश आपल्याच लोकांनी एकमेकांना धाडले. ८ मे रोजी पोप लिओ चौदावे निवडून आले आणि ती यादी अपुरी पडली. ‘तीन दिवसांचा काळोख’ आणि त्यासाठी आशीर्वादित मेणबत्त्या जपून ठेवण्याचे संदेशही आपल्याच गटांत फिरत असतात.

यात नुकसान काय, असे कोणी विचारील. युगांडातील कानुंगू येथे १७ मार्च २००० रोजी एका पंथाच्या प्रार्थनास्थळाला आग लागून शेकडो माणसे मरण पावली. जगाच्या अंताची दिलेली मुदत टळून गेल्यानंतरची ही घटना होती. तो पंथ कॅथलिक लोकांमधूनच निर्माण झाला होता आणि त्याच्या पुढाऱ्यांत एक माजी कॅथलिक धर्मगुरूही होता. केनियातील शाकाहोला येथील जंगलात २०२३ साली चारशेहून अधिक मृतदेह उकरून काढावे लागले. उपाशी राहिल्यास येशूची भेट लवकर होईल, असे त्या लोकांना सांगण्यात आले होते. मृतांत लहान मुले पुष्कळ होती. या दोन्ही ठिकाणची माणसे पवित्र ग्रंथ वाचत नव्हती असे नाही. फक्त एका पुढाऱ्याचा शब्द तपासून पाहण्याची मुभा त्यांना उरलेली नव्हती.

पत्र मंडळीच्या नावे आले होते

प्रकटीकरणाचे पुस्तक उघडले की तिसऱ्याच वचनात एक आशीर्वाद आढळतो. हे शब्द वाचून दाखवणारा आणि ते ऐकणारे धन्य आहेत, असे तेथे म्हटले आहे. वाचणारा एक आहे, ऐकणारे अनेक आहेत. म्हणजे हे लेखन एकांतात बसून गुपिते शोधण्यासाठी दिलेले नाही. आशिया प्रांतातील सात मंडळ्यांना ते पत्र म्हणून पाठवले गेले आणि भरसभेत मोठ्याने वाचले गेले. त्या मंडळ्यांना रोमी सत्तेचा जाच ठाऊक होता. पात्मोस बेटावर असलेल्या योहानाने त्यांना ओळखीची प्रतीके वापरून धीर दिला. सहाशे सहासष्ट या आकड्यावर आजही तर्क लढवले जातात. परंतु ‘नीरो कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून त्या अक्षरांच्या किमतींची बेरीज केली तर तोच आकडा येतो, हे अभ्यासक फार पूर्वीपासून दाखवत आले आहेत. त्या श्रोत्यांना जुलमाचे नाव सांगावे लागत नव्हते. दानिएलाच्या दर्शनांचेही तसेच आहे. अंतियोखस चौथा याने इ. स. पूर्व १६७ मध्ये यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले, त्या छळाच्या पार्श्वभूमीवर ती दर्शने वाचली म्हणजे उलगडतात.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ईश्वरी प्रकटीकरणावरील आपल्या दस्तऐवजात हेच शिकवले आहे. पवित्र लेखकाने कोणता वाङ्मयप्रकार वापरला हे समजून घेतल्यावाचून त्याच्या मनातील अर्थ कळत नाही.

या दृष्टीने वाचू लागलो की धाराशिव जिल्ह्यातील श्रोत्याला हे पुस्तक परके वाटत नाही. सहाव्या अध्यायातील तिसरा घोडेस्वार हातात तराजू घेऊन येतो. एका दिवसाच्या मजुरीत शेरभर गहू मिळेल, असा भाव पुकारला जातो, आणि तेल व द्राक्षारस यांना मात्र धक्का लावू नये, असेही सांगितले जाते. गरिबाचे धान्य महागते आणि श्रीमंताच्या मळ्यांना झळ पोहोचत नाही. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांत टँकरची वाट पाहणारी गावे आणि त्याच प्रदेशात उभा असलेला ऊस ज्यांनी पाहिला, त्यांना या वचनाचा अर्थ सांगण्यासाठी परदेशी उपदेशकाची गरज नाही.

अठराव्या अध्यायात बाबेलच्या, म्हणजेच रोमच्या, पतनावर व्यापारी शोक करतात. त्यांच्या मालाची लांबलचक यादी तेथे दिली आहे. सोने, मोती, तलम वस्त्रे, हस्तिदंत, मसाले अशी ती सुरू होते आणि माणसांच्या विक्रीवर येऊन संपते. धाराशिव तालुक्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगरहून भरूच बंदराकडे कापड आणि मलमल जात असल्याचा उल्लेख आहे. तेथून पुढे हा व्यापार रोमी जगाशी जोडलेला होता. योहानाने ज्या बाजारपेठेविषयी लिहिले, तिच्या एका टोकाला आपलीच माती होती. कोणाच्या श्रमावर कोणाचे वैभव उभे आहे, हा त्याचा प्रश्न म्हणूनच आपल्याला आजही विचारला जातो.

किल्लारीनंतरचा प्रश्न

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या जिल्ह्यातील वयस्कर माणसे विसरलेली नाहीत. गणेश विसर्जनाची रात्र संपत असताना, चारच्या सुमारास, धरणी हादरली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर या परिसरात हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. भूकंप हे अंताचे चिन्ह आहे, असे म्हणणाऱ्याने या गावांना काय उत्तर द्यावे? त्यांच्यापुरता अंत त्याच पहाटे आला होता, आणि तरी मागे राहिलेल्यांनी पुन्हा भिंती उभारल्या.

हे पापाचे शासन होते काय, या प्रश्नाला प्रभूने स्वतःच उत्तर दिले आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती यरुशलेममधील इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असे विचारून त्याने ती कल्पना नाकारली आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाची हाक दिली (लूक १३:४-५). किल्लारीत माणसे मेली त्याला दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे कारणीभूत ठरले. जेथे कारण कळते तेथे उपाय शोधण्याचे कर्तव्यही येते. भूकंपाला केवळ चिन्ह म्हणून सोडून देणारा मनुष्य त्या कर्तव्यातून सुटू पाहतो.

लूककृत शुभवर्तमानाचा एकविसावा अध्यायही असाच लक्षपूर्वक वाचायला हवा. १६ नोव्हेंबर २०२५ च्या रविवारी तो आपल्या मिस्सामध्ये वाचला गेला. त्यात युद्धे आहेत, भूकंप आहेत, दुष्काळ आहेत. परंतु हे घडले म्हणजे लगेच शेवट होतो असे नाही, घाबरू नका, आणि ‘काळ जवळ आला आहे’ म्हणणाऱ्यांच्या मागे जाऊ नका, असेही प्रभू तेथेच बजावतो. चिन्हांची यादी पाठ करणारे बहुधा ही सूचना गाळतात.

वेशीवरचे स्वागत

विश्वासणारे गुपचूप वर उचलले जातील ही कल्पना संत पौलाच्या थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रावर (४:१७) आधारली जाते. त्या रूपात ती फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांनी ती मांडली आणि १९०९ साली निघालेल्या स्कोफील्ड यांच्या टीपांसहित बायबलमुळे ती सर्वदूर पोहोचली. ख्रिस्तसभेच्या प्राचीन आचार्यांनी ती शिकवलेली नाही, आणि आपले अनेक प्रॉटेस्टंट बांधवही ती मान्य करीत नाहीत.

पौलाने वापरलेला ग्रीक शब्द सामोरे जाण्याचा आहे. राजा नगरीकडे येत असता नागरिक वेशीबाहेर जाऊन त्याला सन्मानाने आत आणीत. आपल्याकडे पालखी आली की गाव वेशीवर जातो आणि तिला वाजतगाजत गावात आणतो. गाव ओस टाकून कोणी निघून जात नाही. पौलाला अभिप्रेत असलेले स्वागत या जातीचे आहे. याच मंडळीतील काही जण पुढे कामधंदा सोडून बसले, तेव्हा दुसऱ्या पत्रात त्याने त्यांना कष्टाची भाकरी खाण्याचा आदेश दिला.

प्रभू पुन्हा येईल ही आपली श्रद्धा आहे. प्रत्येक मिस्साबलीत आपण ती उच्चारतो. ख्रिस्तसभेची धर्मशिकवण अंतापूर्वीच्या कठीण परीक्षेविषयीही बोलते (क्र. ६७५-६७७), आणि त्याच ठिकाणी पृथ्वीवरील हजार वर्षांच्या राज्याची स्वप्ने नाकारते. तो दिवस आणि ती घटका पित्याखेरीज कोणालाही ठाऊक नाही, हे प्रभूचे वचन (मार्क १३:३२) सर्व गणितांवर पडदा टाकते. परिषदेने ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या दस्तऐवजात (क्र. ३९) शिकवले आहे की नव्या पृथ्वीच्या आशेने या पृथ्वीची काळजी मंदावू नये, उलट तिला जोर यावा.

धर्मग्रामांनी काय करावे?

धाराशिवसारख्या जिल्ह्यात कॅथलिक कुटुंबे थोडी आणि विखुरलेली आहेत. धर्मगुरू दर आठवड्याला प्रत्येक वस्तीवर पोहोचू शकत नाही, चित्रफीत मात्र रोज पोहोचते. ही पोकळी केवळ मनाई करून भरणार नाही. आम्ही वाचकांना सुचवू इच्छितो की उपासनावर्षाच्या अखेरच्या आठवड्यांत आणि आगमनकाळात प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने हे उतारे मिळून वाचावेत. पहिल्या बैठकीत लूक २१, दुसरीत थेस्सलनीकाकरांस दोन्ही पत्रे, तिसरीत प्रकटीकरणातील सात मंडळ्यांची पत्रे आणि चौथीत मत्तय २५ घ्यावे. एकाने मोठ्याने वाचावे, इतरांनी ऐकावे. प्रथम श्रोते कोण होते, त्यांच्यावर कोणते संकट होते आणि त्यांना काय करण्यास सांगितले, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर न सापडलेली शंका लिहून धर्मगुरूंकडे द्यावी. बैठकीत आजीबाई असाव्यात आणि महाविद्यालयात जाणारी मुलेही असावीत, कारण भीती एका पिढीला सतावते आणि चित्रफीत दुसरीला.

दर्शनांचा वा संदेशांचा दावा कोणी घेऊन आला, तर तो महागुरूंच्या कानावर घालावा. अशा दाव्यांची पारख कशी करावी याविषयी व्हॅटिकनने १७ मे २०२४ रोजी नवे नियम प्रसिद्ध केले आहेत. पैसे मागणारा, औषध बंद करायला सांगणारा, मुलांची शाळा सोडवणारा किंवा कुटुंबात फूट पाडणारा संदेश मात्र पारखण्यासाठी थांबण्याचीही गरज नाही. तो तेथेच नाकारावा.

चौथ्या बैठकीसाठी मत्तय २५ हेतुपुरस्सर सुचवले आहे. तेथे मनुष्याचा पुत्र गौरवाने आसनस्थ होतो आणि न्याय करतो. त्या न्यायसभेत तारीख कोणी बरोबर ओळखली होती, हे विचारले जात नाही. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र दिले काय, हे विचारले जाते. ज्या दिवशी प्रभू येणार म्हणून काही लोक आकाशाकडे डोळे लावून बसले होते, त्या दिवशी परंड्यात छतावर बसलेले लोक होडीची वाट पाहत होते. माती वाहून गेलेल्या त्या शेतांना पुन्हा उभे राहायला अनेक हंगाम लागतील. आपल्या समूहाने बैठक संपवून उठताना, अशा एका तरी कुटुंबासाठी येत्या आठवड्यात आपण काय करणार, हे ठरवावे आणि मगच अखेरची प्रार्थना म्हणावी.