आधी विचारा, जेवलात का?

एकट्या राहणाऱ्या मधुमेही आईला किंवा वडिलांना मुलं फोनवर पहिल्यांदा विचारतात, "साखर किती आली?" माझं म्हणणं, त्याआधी "जेवलात का?" हे विचारायला हवं.

एकट्या जिवासाठी कुठे कुकर लावायचा, म्हणून रात्री कपभर दुधात अर्धी पोळी कुस्करली जाते. गोळी मात्र नेमाने पोटात जाते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी ताट भरलेलं होतं की रिकामं, हे बघत नाही. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच. मूत्रपिंडं मंदावली असतील तर तिचा अंमल लांबतो. मग मध्यरात्री दरदरून घाम, हातापायांना कंप. एकादशीला, नवरात्रात हा धोका आणखी वाढतो. साखर फार उतरली की विचारही गोंधळतात, आणि हलवून जागं करायला घरात दुसरं कुणी नसतं. एरवी वाढलेल्या साखरेवर उपाय करायला बहुधा वेळ मिळतो, उतरलेली साखर तो देत नाही.

म्हणून उशाशी साखरेची छोटी बरणी, चमचा आणि पाण्याचा तांब्या हवाच. मीटरवर आकडा ७० च्या खाली दिसला की तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, तरीही कमीच असेल तर पुन्हा तेवढीच घ्यायची. सावरल्यावर पोटात काहीतरी घालायचं. साखरेऐवजी पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. आणि शेजारच्यांकडे किल्ली देऊन ठेवली असेल, तर रात्री आतून कडी घालू नये.

डॉक्टरांकडेही माझं एक मागणं आहे. केसपेपरवर वय, वजन, रक्तदाब सगळं असतं; घरी सोबत कोण, हे क्वचितच विचारलं जातं. अनेक आजार असलेल्या वृद्धांना एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८ च्या आत असलं तरी चालतं, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशनही सांगते. तरी ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या आजींचा आकडा ६.२ आला की घरात कौतुक होतं! मला तो आकडा धडकी भरवतो. गोळी मनाने बंद करायची नाही, हे खरंच. पण पुढच्या भेटीत स्पष्ट विचारा, "डॉक्टर, मी एकटी राहते. रात्री जेवण गेलं नाही तर ही गोळी घ्यायची का?" आणि मिळालेलं उत्तर चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून मागा.