खेळणाऱ्याला हवे तरी काय?

विटीदांडूचे नियम आळीगणिक बदलतात. एका आळीत जे चालते ते पलीकडच्या आळीत चालत नाही. त्यावरून भांडणे होतात, एखादा विटी खिशात घालून घरी निघून जातो, आणि दुसऱ्या दिवशी नवा नियम मान्य करून तोच परत येतो. या सगळ्यांत शहाणपणाचा नियम कोणत्याच पुस्तकात छापलेला नाही. धाकटे भावंड हट्टाने खेळायला आले की त्याला ‘कच्चा लिंबू’ करायचे. ते धावते, ओरडते, पण बाद झाले तरी त्याच्यावर राज्य येत नाही. ज्यांना जिंकायचे आहे त्यांचा डाव बिघडत नाही आणि ज्याला फक्त सोबत हवी आहे त्याला ती मिळते.

आठ-दहा पोरे हा निवाडा पाच मिनिटांत करतात. एकाच खेळात लाखो माणसे असतील, ती एकमेकांना ओळखत नसतील, आणि नियम करणारी कंपनी हजारो मैलांवर बसलेली असेल, तर हाच निवाडा कसा व्हायचा? गेली पंचवीस-तीस वर्षे ऑनलाइन खेळांच्या जगात या प्रश्नाचा खल चालू आहे. आपल्या घरांतली अनेक मुले-मुली संध्याकाळी याच जगात असतात. म्हणून तो खल घरातल्या मोठ्यांनीही समजून घ्यावा असे मला वाटते.

प्रथम एक गल्लत दूर करू. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. मी लिहितो आहे ते खेळ त्यातले नाहीत. हे भूमिका घेऊन खेळायचे खेळ आहेत. तुम्ही योद्धा, वैद्य किंवा जादूगार होऊन एका काल्पनिक मुलखात उतरता, आणि त्याच वेळी तिथे जगभरातली हजारो खरी माणसे वावरत असतात. तुम्ही संगणक बंद करून जेवायला बसलात तरी तो मुलूख चालूच राहतो. तिथे बाजार असतो, शेजार असतो, टोळ्या आणि मंडळे असतात, रुसवेफुगवे असतात. थोडक्यात, ते एक गावच असते.

अशा पहिल्या गावांपैकी एक वसले १९७८ साली, इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात. रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ते उभारायला घेतले आणि रिचर्ड बार्टल याने पुढे नेले. त्याचे नाव ‘मड’. त्यात चित्र एकही नव्हते. पडद्यावर नुसता मजकूर उमटायचा आणि खेळाडू शब्दांनीच चालायचे, लढायचे, बोलायचे. पुढे अशाच एका खेळातल्या जुन्याजाणत्या मंडळींत मोठा वाद रंगला: माणसांना या खेळातून हवे तरी काय? प्रत्येकाचे उत्तर वेगळे आणि प्रत्येकाला आपलेच खरे वाटत होते. बार्टल यांनी ती उत्तरे नीट लावून पाहिली, तेव्हा त्यांना दिसले की ही माणसेच चार वेगवेगळ्या प्रकृतींची आहेत.

१९९६ साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी या चार प्रकृतींना पत्त्यांतले चार रंग दिले. चौकटवाल्यांना संपत्ती, पातळ्या आणि पदके हवी असतात. इस्पिकाला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा दुसरा अर्थ फावडे. हे लोक मुलूख खणून काढतात, कोणत्या डोंगरामागे काय आहे हे पाहण्यातच त्यांना आनंद. बदामवाल्यांना माणसे हवी असतात, लढाई हे गप्पांचे निमित्त. आणि किलवर म्हणजे सोटा. या मंडळींना दुसऱ्याच्या पाठीत तो घालण्यातच गंमत वाटते.

ही वाटणी पुढे फार लोकप्रिय झाली, पण निबंधातला महत्त्वाचा भाग पुष्कळांनी वाचलाच नाही. बार्टल यांचे म्हणणे असे, की हे चौघे एकमेकांच्या आधाराने जगतात. किलवरवाले माजले की आधी बदामवाले गाव सोडतात, मागोमाग चौकटवालेही जातात, आणि मग किलवरवाल्यांना सावजच उरत नाही. एकाचे लाड करायला जावे तर दुसऱ्याचे पोट दुखते, आणि शेवटी ते दुखणे सगळ्या गावाचे होते.

याचा प्रत्यय दुसऱ्याच वर्षी आला. सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेत ‘अल्टिमा ऑनलाइन’ हा खेळ सुरू झाला. त्याचे निर्माते रिचर्ड गॅरियट खेळात ‘लॉर्ड ब्रिटिश’ नावाचा राजा होऊन वावरत. खेळ खुला होण्याआधीच्या चाचणीत, ऑगस्ट महिन्यात, एका खेळाडूने भर सभेत आगीचा मंत्र टाकून या राजालाच मारले. राजा अमर असायचा, पण ती तजवीज त्या दिवशी करायची राहून गेली होती. पुढचे चित्र त्या दिवशीच दिसले म्हणायचे. रचनाकारांनी मोठ्या हौसेने अशी योजना केली होती, की मुलखात हरणे-मेंढरे चरतील, लांडगे त्यांच्यावर जगतील आणि निसर्गाचा तोल आपोआप राहील. खेळाडूंनी दिसेल तो प्राणी मारून तो तोल राहूच दिला नाही. वेशीबाहेर पाऊल टाकले की नवख्याला लुटणारे टपून असायचे.

तक्रारींचा पाऊस पडला. अखेर २००० साली कंपनीने मुलखाच्या दोन प्रती केल्या. एका प्रतीत पूर्वीसारखेच रान मोकळे, दुसरीत संमतीशिवाय कोणी कोणावर हात उगारायचा नाही. बहुतेक वस्ती सुरक्षित बाजूला गेली. कौल स्पष्ट होता. तरीही जुने खेळाडू आजही त्या धोक्याच्या दिवसांची आठवण काढतात. चोर होते म्हणून तर रात्री बाहेर पडताना पाचजण एकत्र निघायचे, अनोळखी माणूस मदतीला धावला तर त्याचे नाव लक्षात राहायचे. भीती गेली, आणि तिच्याबरोबर ही सोबतही पातळ झाली. सुरक्षितता मागणाऱ्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. नवख्याला रोज लुटले जाणे हा काही खेळ नव्हे. पण ती देताना गावातून आणखी काय जाते आहे, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

मार्च १९९९ मध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ने तर कष्टांनाच खेळ मानले. तिथे मेलात की कमावलेला अनुभव वजा व्हायचा आणि सगळे सामान प्रेतापाशी पडून राहायचे. ते आणायला उघड्या अंगाने पुन्हा त्याच गुहेत जायचे. एकट्याला ते जमणे कठीण, म्हणून लोकांना हाका मारायच्या, एखाद्या पुरोहिताची विनवणी करायची. खेळाडू या नियमाच्या नावाने बोटे मोडत. पण त्या विनवण्यांतूनच ओळखी होत आणि ओळखींतून मैत्री.

नोव्हेंबर २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला आणि त्याने हे बहुतेक काच सैल केले. एकट्यानेही पुढे जाता येऊ लागले, मरणाची शिक्षा हलकी झाली. २०१० पर्यंत त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले. या खेळाच्या चाचणीतली एक हकीगत मला फार बोलकी वाटते. कोणी अतोनात खेळू नये म्हणून रचनाकारांनी नियम केला, की सलग फार वेळ खेळलात तर मिळणारा अनुभव निम्मा होईल. खेळाडू खवळले. मग कंपनीने आकडे जवळजवळ तेच ठेवून मांडणी फिरवली: विसावा घेऊन येणाऱ्याला दुप्पट अनुभव, बाकीच्यांना नेहमीचा. आरडाओरडा थांबला. मालमत्ता कर उशिरा भरणाऱ्याला दंड आणि लवकर भरणाऱ्याला सूट, यांत पालिकेच्या तिजोरीला कदाचित फरक पडत नसेल, पण नागरिकाला पडतो.

या गोष्टीवरून काही जण म्हणतात, की खेळाडूला काही कळत नाही, नावे बदलून द्या की तो खूश. मला हे पटत नाही. खेळाडूची तक्रार खरीच होती. दमून घरी आल्यावर खेळायला बसावे आणि खेळानेच आपल्याला शिक्षा करावी, हे कोणाला आवडेल? नियमाचा हेतू चांगला होता, बोलण्याची रीत चुकली होती. कुठे दुखते ते रोग्यालाच ठाऊक असते. औषध कोणते हे मात्र त्याला ठाऊक असेलच असे नाही. खेळाडूच्या मताचेही तसेच आहे.

हे न ओळखल्यामुळे काय होते ते याच खेळात पुढे दिसले. भुयारातल्या लढाईला पाचजण लागतात: एक मार झेलणारा, एक जखमा भरणारा, तिघे मारणारे. पूर्वी शहराच्या चौकात उभे राहून असे पाचजण जमवावे लागत. त्यात अर्धा-पाऊण तास जायचा आणि लोक कंटाळायचे. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने एक बटण दिले. ते दाबले की वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच अनोळखी लोक आपोआप एकत्र येतात आणि थेट भुयारात उतरतात. सोय उत्तम झाली. पण चौकात जमवलेल्या पाचांशी माणूस जपून वागायचा, कारण ती माणसे उद्या पुन्हा भेटणार होती. बटणाने आलेले पाचजण बहुधा पुन्हा भेटत नसत. ‘नमस्कार’ नाही, ‘येतो’ नाही, कोणी चुकला तर मतदान करून हाकलून द्यायचे.

काही वर्षांनी अनेकांना जुन्या गावाची ओढ लागली. कंपनी म्हणे, तुम्हाला वाटते तसे ते तुम्हाला खरोखर नको आहे. तेव्हा लोकांनी स्वतःच परवानगीवाचून जुना खेळ चालवला. एप्रिल २०१६ मध्ये कायद्याचा बडगा दाखवून त्यातला एक मोठा सर्व्हर बंद करवण्यात आला, तर दोन लाखांहून अधिक लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. शेवटी ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीनेच जुना खेळ ‘क्लासिक’ या नावाने परत आणला आणि त्यावर उड्या पडल्या. गंमत पुढेच आहे. २०२२ साली या पुनरावृत्तीची गाडी त्या बटणाच्या काळापर्यंत आली, तेव्हा कंपनीने मुद्दाम बटण वगळले. आणि आता खेळाडूंनीच ते मागायला सुरुवात केली. २०२३ साली ते द्यावे लागले.

याला चंचलपणा म्हणून हसणे सोपे आहे. पण आपण तरी वेगळे काय करतो? कोपऱ्यावरच्या वाण्याची आठवण काढत आपण किराणा घरपोच मागवतो. माणसाला शेजारही हवा असतो आणि मंगळवारी रात्री साडेनऊला, हातात तासभरच असताना, सोयही हवी असते. दोन्ही इच्छा खऱ्या आहेत. मात्र सोयीची इच्छा रोज बोलते आणि शेजाराची इच्छा शेजार गेल्यावर बोलते.

मग सरळ मतदान घेतले तर? ‘रूनस्केप’ या ब्रिटिश खेळाने तेही करून पाहिले. २०१३ साली सुमारे साडेचार लाख मतांच्या कौलानंतर त्याची जुनी आवृत्ती पुन्हा सुरू झाली, आणि ठरले की नवे काहीही आणायचे तर ७५ टक्के मते अनुकूल हवीत. २०१९ साली एका नव्या कौशल्याचा प्रस्ताव जवळजवळ दोन-तृतीयांश मते मिळूनही पडला. २०२२ साली अट ७० टक्क्यांवर आली, आणि त्यानंतर नौकानयनाचे कौशल्य मंजूर होऊन २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये खेळात आले. ही पद्धत मला मनापासून आवडते. कंपनीच्या मनमानीला तिने वेसण घातली, आणि खेळाडूंना गाव आपले वाटू लागले. पण तिचा दोषही लवकरच दिसला. खेळाडूंच्या आपसांतल्या लढायांचे प्रश्न मताला टाकले की ज्यांना त्या लढायांशी देणेघेणे नाही, तेच बहुसंख्य विरोधात मत देत. शेवटी असे प्रश्न मतदानातून बाहेर काढावे लागले. चौकट आणि बदाम मिळून किलवरला गावाबाहेर काढू शकतात. बहुमत म्हणजे न्याय असे नाही, हे आपल्या ग्रामसभांनाही ठाऊक आहे.

तरीही मतदानाची बाजू मी घेईन, कारण त्याला पर्याय म्हणून जे वापरले जाते ते अधिक वाईट आहे. आज बहुतेक कंपन्या खेळाडूला विचारत नाहीत, त्याचे तास मोजतात. जिथे तो जास्त रेंगाळला ते त्याला आवडले असे धरतात आणि तेच वाढवतात. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर मालिका तुटली. मुलगा रोज येतो म्हणजे त्याला ते हवे आहे, असा निष्कर्ष काढला जातो. हवे असणे आणि सुटत नसणे यांतला फरक तासांच्या मोजणीत दिसत नाही.

म्हणून रचनाकारांकडून माझी अपेक्षा साधी आहे. तक्रार ऐकावी, पण तिच्यासोबत येणारा उपाय तसाच उचलू नये. ज्या अडचणीमुळे माणसे एकमेकांना हाक मारतात ती काढण्यापूर्वी दोनदा विचार करावा. आणि कच्च्या लिंबालाही जागा ठेवावी.

घरातल्या मोठ्यांकडूनही एक अपेक्षा आहे. ‘किती वेळ खेळतोस?’ हा प्रश्न आपण रोज विचारतो. तो जरूर विचारावा. पण तो प्रश्न कंपनीसारखाच तास मोजतो. त्याच्या जोडीला एकदा विचारून पाहावे, की तिथे तू काय करतोस, कोणाबरोबर असतोस, काल कोण आले नाही? पातळी वाढवण्यात गुंतलेला मुलगा आणि दूरदेशीच्या चार मित्रांसाठी जागणारी मुलगी, दोघांचे तास सारखे भरतील. त्यांना सांगायची गोष्ट मात्र सारखी नसेल. कोणाला काय सांगायचे, हे त्या उत्तरांवरूनच कळेल.