सातबाऱ्यावर नाव नाही, पाठीवर पंप आहे

मागच्या जुलैत औंढा तालुक्यातल्या एका गावात शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घ्यायला गेलो होतो. विहारात पोरं जमली होती. त्यातला एक, बीएच्या दुसऱ्या वर्षाचा, भिंतीला टेकून बसायला तयार नव्हता. पाठ भाजल्यासारखी लाल झाली होती. तीन दिवस दुसऱ्याच्या रानात आणि धुऱ्यांवर तणनाशक मारलं, पंपाचं झाकण गळत होतं. त्याच्या आजीला विचारलं तर म्हणाली, "औषीद हाय ते दादा, इख थोडंच हाय."

गोम इथेच आहे. कीटकनाशक असो की तणनाशक, आपल्या गावात सगळ्याला 'औषध' म्हणतात. दुकानदार म्हणतो, कृषी सहायक म्हणतो, आपणही म्हणतो. औषधाला कोण भिणार?

त्यातही तणनाशकाला कमीच भितात. किड्याला मारणारं माणसाला मारेल, हे पटतं. गवत जाळणारं आपलं काय करणार, असं वाटतं. पॅराक्वाट हे तणनाशक घ्या. पोटात थोडं गेलं तरी फुप्फुसं निकामी होतात आणि त्यावर उतारा नाही. जखम असलेल्या किंवा सतत ओल्या राहिलेल्या कातडीतूनही ते अंगात भिनतं. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात मिळतं.

आता प्रश्न असा की हा पंप पाठीवर कोण घेतो? हिंगोली जिल्ह्यात सोयाबीन आहे, हळद आहे, वसमतकडे ऊस आहे. अल्पभूधारक शेतकरी स्वतःच फवारतो आणि त्यालाही तेच विष बाधतं, हे मान्य केलंच पाहिजे. पण ज्याला परवडतं तो फवारणी मजुराकडून करून घेतो. तो मजूर कोणत्या वस्तीतून येतो हे तुम्हाला सांगायला नको. दर पंपामागे ठरतो. म्हणजे जितक्या टाक्या जास्त तितके पैसे जास्त; वारा सुटला म्हणून थांबलास तर नुकसान तुझंच. आणि वर शहाणे लोक म्हणतात, मजूर निष्काळजी असतात, मास्क घालत नाहीत.

हे वाक्य आपण २०१७ मध्येही ऐकलं. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. तिथे कीटकनाशकं होती, तणनाशक नव्हे. पण पाठीवरचा पंप आणि पंपाखालचा माणूस तोच. सरकारने तपास पथक नेमलं, मृतांच्या कुटुंबांना दोन लाख जाहीर केले. आणि चर्चा कुठे आली? फवारणाऱ्याने हातमोजे का घातले नाहीत, इथे. हातमोजे कोणी विकत घ्यायचे, हे कोणी विचारलं नाही.

कायदा याबाबत मुका नाही. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याचे नियम १९७१ चे. कायद्याच्या भाषेत तणनाशकही कीटकनाशकातच मोडतं. विष हाताळणाऱ्याला संरक्षक कपडे, प्रशिक्षण, प्रथमोपचार, हे सगळं नियमांत लिहिलेलं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली की ग्लायफोसेट फक्त कीड नियंत्रण चालकांनीच वापरावं. आपल्या रानात असा परवानाधारक चालक कोणी पाहिलाय का? मी तरी नाही.

सगळ्यात मोठी फट भरपाईत आहे, आणि यावर आपण बोलतच नाही. राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने शेतकरी अपघात योजना आहे. मृत्यूला दोन लाख. त्यात विषबाधाही बसते. पण लाभार्थी कोण? वहितीधारक खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातली एक व्यक्ती. म्हणजे सातबारा पाहिजे. मालक स्वतः फवारताना गेला तर त्याच्या घरच्यांना अर्ज करता येतो. त्याच रानात, त्याच पंपाने भूमिहीन मजूर गेला तर या योजनेत त्याच्यासाठी रकानाच नाही. वर्षानुवर्षं गायरान कसणाऱ्या आपल्या ज्या कुटुंबांची नावं अजून सातबाऱ्यावर लागली नाहीत, तीही बाहेरच. जमिनीचा प्रश्न १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांनी रस्त्यावर आणला होता. तो सुटला नाही म्हणून आज मरणानंतरच्या कागदातही आपण मोजले जात नाही.

मित्रांनो, पुतळ्याची विटंबना झाली की आपण तासाभरात तहसीलवर असतो, आणि ते योग्यच आहे. पण बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ मजूर खातं सांभाळलं, हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो आणि पंपवाला पोरगा स्टेजसमोर सतरंजी अंथरत असतो.

आणखी एक गोष्ट. तणनाशक आलं तसं बायांचं खुरपण कमी झालं. पावसाळ्यात आपल्या वस्तीतल्या बायांच्या हातात येणारी रोजी गेली. मजूर मिळत नाही, खुरपण परवडत नाही, हे शेतकऱ्याचं म्हणणं खोटं नाही. पण बाईची मजुरी गेली आणि नवऱ्याच्या पाठीवर विष आलं, असा हा व्यवहार आहे. त्याचे ओले कपडे पुन्हा तीच धुते, घरच्या कपड्यांसोबत.

म्हणून कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. आम्ही त्या विहारात पंधरा-वीस पोरांना घेऊन बसलो. पंप आधी साध्या पाण्याने भरून बघायचा. गळत असेल तर वायसर बदलल्याशिवाय पाठीवर घ्यायचा नाही. औषध काठीने ढवळायचं, हाताने नाही. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही. वारा पाठीमागून ठेवायचा. तोंडाला बांधलेला रुमाल ओला झाला की तो विष अडवत नाही, तोंडाशी धरून ठेवतो. तंबाखूवर पोरं हसली, पण सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला: तणनाशक लागलेल्या तळहातावर चुना-तंबाखू चोळून दाढेखाली धरायची म्हणजे विष स्वतः तोंडात घालणं. अंगावर सांडलं तर कपडे तिथेच काढून साबण-पाण्याने भरपूर धुवायचं, हळद-तेल नाही. पोटात गेलं तर मीठपाणी पाजून ओकारी काढायची नाही. आणि दवाखान्यात जाताना बाटली सोबत न्यायची. कीटकनाशकावरचं इंजेक्शन पॅराक्वाटवर चालत नाही. बाटली पाहिली तरच डॉक्टरला कळतं. रिकामी बाटली पाण्याला वापरायची नाही, ठेचून टाकायची.

एकाने विचारलं, "सर, हातमोजे मागितले तर मालक दुसऱ्याला बोलवील ना?" बरोबर आहे. एकट्याने मागितले तर बोलवेलच. म्हणून गावातल्या सगळ्या फवारणाऱ्यांनी, कोणत्याही जातीचे असोत, एकच दर आणि एकच अट ठेवायची: मोजे, बूट, चष्मा मालकाचा, नाहीतर पंप उचलायचा नाही.

दुसरं काम ग्रामसभेचं. फवारणी करणाऱ्यांची नावं ग्रामपंचायतीने नोंदवावीत, दर हंगामाआधी कृषी विभागाने त्यांचं प्रशिक्षण घ्यावं, आणि अपघात योजनेत भूमिहीन मजुराचा समावेश करावा, असा ठराव घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचा. त्या गावात यादी करायला बसलो तेव्हा एकट्या आपल्या वस्तीतून एकवीस नावं निघाली. तो बीएचा पोरगा अकरावा होता. सेनगाव, कळमनुरीच्या साथींनी आपापल्या गावची यादी सोयाबीन पेरायच्या आत करावी. ठरावाचा मसुदा पाहिजे असेल तर कळवा, पाठवतो.