चिठ्ठी दिली, मग पुढे काय?

परवाचा ४ फेब्रुवारी तुमच्या कॉलेजात कसा गेला? जागतिक कर्करोग दिन म्हणून एखाद्या मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा ग्रुप आला असेल. पांढरे एप्रन, पथनाट्य, पोस्टर, तंबाखूविरोधी शपथ आणि शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो. आपल्याच वयाची मुलं बोलतात म्हणून आपण ऐकतोही, नाहीतर सेमिनार हॉलमधलं भाषण कोण ऐकतं! मला हे ग्रुप मनापासून आवडतात. तरी माझी एक तक्रार आहे आणि ती घरातूनच सुरू होते.

माझा मामा माणिकपूरला रिक्षा चालवतो. दोन वर्षांपूर्वी स्टँडजवळ असाच एक विद्यार्थी ग्रुप टेबल टाकून बसला होता. एका मुलीने टॉर्च मारून मामाच्या तोंडात बघितलं. 'काका, तुमचं तोंड पूर्ण उघडत नाहीये. आत पांढरा चट्टा पण आहे. मोठ्या हॉस्पिटलला दाखवून या,' असं सांगून तिने चिठ्ठी लिहून दिली. तिने अगदी बरोबर ओळखलं होतं. मामाने चिठ्ठी मीटरच्या मागे खोचली आणि पुढचं भाडं घेतलं. नंतर त्याला कुणाचा फोन आला नाही. तो ग्रुपही स्टँडवर पुन्हा दिसला नाही. आधी भाजी तिखट लागायला लागली, मग तोंडात झोंबायला लागलं, मग चपाती वरणात कुस्करून खायची वेळ आली, तेव्हा आम्ही त्याला परळला नेलं. मध्ये नऊ महिने गेले होते.

मामा हट्टी आहे, हे आधीच कबूल करते. पण टेबल टाकणाऱ्यांना माणसं हट्टी असतात हे माहीत नसतं का?

आता जरा आकडे बघू. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात कॅन्सरचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण होते आणि ९ लाखांहून जास्त मृत्यू झाले. तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख या तीन जागांचा कॅन्सर लवकर सापडावा म्हणून ३० वर्षांवरच्या लोकांची तपासणी करायची, असं केंद्र सरकारने २०१६ मध्येच ठरवलं. प्रत्यक्षात काय झालं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी फक्त १.२ टक्क्यांनी तोंडाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झाल्याचं सांगितलं. बायकांमध्ये हेच प्रमाण ०.९ टक्के आहे.

डॉक्टर कमी पडतात म्हणून हे अडलंय, असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांवर एक मोठा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांना प्रशिक्षण दिलं. त्या चक्क व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून गर्भाशयाचं मुख तपासायच्या. ज्या वस्त्यांमध्ये ही तपासणी झाली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तोंडाच्या कॅन्सरचा असाच अभ्यास केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात झाला. त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. तपासणारे तिथेही डॉक्टर नव्हते, तरी तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमधले मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटले.

दहावी शिकलेली ताई प्रशिक्षण घेऊन हे करू शकते, तर एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षातली मुलं का नाही? करू शकतात, शिक्षकांच्या देखरेखीखाली नक्कीच करू शकतात. पण या दोन्ही अभ्यासांमधली एक गोष्ट आपल्या फोटोत येत नाही. केरळात त्याच घरांमध्ये तपासणीच्या तीन फेऱ्या झाल्या. मुंबईत दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या झाल्या. संशय आला त्यांना पुढच्या तपासणीपर्यंत आणि उपचारापर्यंत नेण्याची सोयही होती. नुसतं तपासून सोडून दिलं, तर त्या माणसाच्या पदरात फक्त भीती पडते. आणि भीती वाटली की आपली माणसं काय करतात? चिठ्ठी मीटरच्या मागे खोचतात.

मुळात मेडिकलच्या मुलांना असे ग्रुप काढावेसे का वाटतात, हेही समजून घ्या. एमबीबीएसमध्ये कॅन्सर हा वेगळा विषय नसतो. तो थोडा पॅथॉलॉजीत, थोडा सर्जरीत, थोडा गायनॅक आणि ईएनटीमध्ये असा तुकड्यातुकड्यांत भेटतो. अमेरिकेत, ब्रिटनमध्येही हीच बोंब होती. बोस्टन युनिव्हर्सिटीतली विद्यार्थ्यांची ऑन्कोलॉजी सोसायटी किंवा ब्रिटनमधलं 'बोनस' हे विद्यार्थ्यांचं नेटवर्क त्यातूनच उभं राहिलं. कॅन्सरच्या डॉक्टरांना भेटायचं, त्यांचं काम जवळून बघायचं, पुढे हेच करायचं का ते ठरवायचं, असा तिथला भर. चांगलंच आहे. पण तिथले ग्रुप मुख्यतः विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या शिक्षणासाठी असतात. आपल्याकडच्या ग्रुपला एकदम रस्त्यावर उतरावं लागतं. परळला केईएम आणि टाटा मेमोरियल अगदी शेजारी-शेजारी आहेत. तिथल्या फुटपाथवर गावाहून आलेले पेशंट आणि त्यांची बोचकी रोज दिसतात. ते बघून कुणाला काही करावंसं वाटलं नाही तरच नवल.

मग ही मुलं पुन्हा का येत नाहीत? कारण साधं आहे. ग्रुप चालवतात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली मुलं. मग शेवटचं वर्ष येतं, इंटर्नशिप येते, पीजीच्या एन्ट्रन्सचा अभ्यास येतो. सिनियर गेले की यादी त्यांच्या मोबाईलमध्येच राहते. नवीन टीम नवा लोगो काढते, नवं इन्स्टा पेज उघडते. आपल्या फेस्टची कमिटी दरवर्षी शून्यापासून सुरू करते ना, अगदी तसंच. फरक एवढाच की फेस्टमध्ये कुणाच्या तोंडात चट्टा नसतो.

यावर उपाय आपल्याच राज्यात बरीच वर्षं चालू आहे. सेवाग्रामचं महात्मा गांधी मेडिकल कॉलेज १९६९ मध्ये सुरू झालं. तिथली प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. मुलं पहिल्या वर्षी गावात राहतात, प्रत्येकाला काही घरं वाटून दिली जातात आणि पुढे ती त्याच घरी पुन्हा पुन्हा जातात. देशभरच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात आता कुटुंब दत्तक कार्यक्रम आलाय, त्याची कल्पना याच जातीची. म्हणजे त्याच कुटुंबांकडे परत जाणं हा आता अभ्यासाचाच भाग आहे. कॅन्सरच्या ग्रुपने वेगळं टेबल टाकण्यापेक्षा याला जोडून घेतलं तर? त्याच घरांमध्ये तोंड तपासायचं, वहीत लिहायचं, गेल्या वेळच्या संशयिताचं काय झालं ते विचारायचं. वही कॉलेजच्या विभागात ठेवायची, कुणाच्या मोबाईलमध्ये नाही. इन्स्टावर याला लाइक मिळणार नाहीत, तेवढा तोटा सोसायचा.

आपल्या पालघर जिल्ह्यात तर याची जास्तच गरज आहे. वसई-विरारवाल्यांना निदान लोकल आहे. धक्के खात का होईना, दादरला उतरता येतं. जव्हार-मोखाड्याच्या माणसाला परळ म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी बुडवणं. त्याला चिठ्ठी देऊन भागत नाही. कुठल्या दिवशी, कुठल्या खिडकीवर, कोणते कागद घेऊन जायचं हे सांगणारा एक फोन लागतो.

आणखी एक गोष्ट खटकते. हे ग्रुप डिग्री कॉलेजात येतात, म्हणजे १८ ते २१ वयाच्या आपल्याकडे. तपासणीचं वय ३० पासून पुढचं. टाटाच्याच स्तनांच्या कॅन्सरवरच्या अभ्यासात आरोग्यसेविकांनी हाताने केलेल्या तपासणीचा मृत्यू टाळण्यासाठी ठळक फायदा पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये दिसला. म्हणजे तपासायला हवं आपल्या आयांना, मावश्यांना, स्टँडवरच्या मामांना. आपण फार तर निरोप्याचं काम करू शकतो.

पण तोंडाचं मात्र आपल्यालाही लागू आहे. तंबाखू नसलेली सुपारी 'सेफ' असते, असं मलाही वाटायचं. सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलंय. सुपारीने गालाची आतली कातडी कडक होते आणि तोंड हळूहळू बंद व्हायला लागतं. आत्ता वाचता वाचता तीन बोटं एकावर एक धरून दातांच्या मध्ये उभी घालून बघा. जात नसतील किंवा तोंडातला एखादा फोड, चट्टा तीन आठवड्यांत बरा होत नसेल, तर डेंटिस्टकडे किंवा ईएनटीकडे जा. आणि गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तुमच्या कॉलेजच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर एकदा विचारून बघा.

मामाचं ऑपरेशन झालंय. बोलणं अजून थोडं अडखळतं, पण भाड्यावरून घासाघीस करण्याइतकं जमतं. तीन महिन्यांनी एकदा आम्ही दोघं सकाळच्या विरार लोकलने फॉलोअपला जातो. गेल्या खेपेला तिथे लाईनीत उभं असताना मी हिशेब केला. त्या मुलीने चिठ्ठीच्या मागे मामाचा नंबर लिहून घेऊन पंधरा दिवसांनी एक कॉल केला असता, तर त्याला जेमतेम दोन मिनिटं लागली असती.

७ नोव्हेंबरला राष्ट्रीय कर्करोग जागरूकता दिन असतो. तेव्हा तुमच्याकडे पुन्हा कुणीतरी ग्रुप येईल. फोटोला उभं राहण्याआधी त्यांना विचारा: मागच्या वर्षी ज्यांना चिठ्ठी दिली, त्यातले किती जण हॉस्पिटलपर्यंत पोचले?