‘औषध घेतलं’ म्हणजे काय, हे डॉक्टरला कळायला हवं

आपल्या खेड तालुक्यात ‘त्यानं औषध घेतलं’ असं कुणी सांगितलं, की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. औषध म्हणजे फवारणीचं, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. दवाखान्यात मात्र एखादा शिकाऊ डॉक्टर हेच वाक्य ऐकून ‘रुग्ण औषध घेतो’ अशी नोंद करून मोकळा होऊ शकतो. शेतीखात्यातल्या माणसानं डॉक्टरांच्या परीक्षेत नाक का खुपसावं, असं कुणी म्हणेल. पण बाटलीवरचा लाल त्रिकोण म्हणजे जहाल विष, हे गावोगाव समजावून सांगणं माझ्या कामात येतं. म्हणून लिहितो.

मनोविकारतज्ज्ञ व्हायला एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षांची एम.डी. लागते. पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयात ती सोय आहे. प्रबंध, नोंदवही, चार लेखी पेपर, शेवटी रुग्ण तपासणी आणि तोंडी परीक्षा. परीक्षक चार, त्यात निम्मे बाहेरचे. परीक्षा सोपी नाही, हे कबूल. पण आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत विद्यार्थी रुग्णाची हकिगत बहुधा एकटाच घेतो आणि नंतर ती परीक्षकांपुढे मांडतो. गुण पडतात ते मांडणीला. रुग्णाशी तो बोलला कसा, हे पाहिलं कुणी?

आमच्या पदविकेत कीड नुसती वहीत लिहून भागत नसे, पानावर ओळखून दाखवावी लागे.

मनाच्या दुखण्यात तर बोलणं हीच तपासणी. चाकणच्या आसपास, म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडीच्या पट्ट्यात जमिनी एमआयडीसीत गेल्या. कुणाचं भलं झालं, कुणाचा पैसा आला तसा गेला. पोरगा कंत्राटी कामगार, आज रात्रपाळी तर उद्या दिवसपाळी. असा बाप ‘मला नैराश्य आलंय’ असं कधी म्हणणार नाही. तो म्हणेल, डोकं जड झालंय, अन्न गोड लागत नाही. अभिमत विद्यापीठांतल्या जागा देशभरच्या गुणवत्तेवर भरतात. परप्रांतातून शिकायला आलेल्या मुलाला हे बोलणं कळत नसेल तर त्यात त्याचा दोष नाही. पण तज्ज्ञ म्हणून सही करण्याआधी ते त्याला कळतं का, हे कुणीतरी तपासलंच पाहिजे.

इंग्लंडात मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने 2008 पासून यासाठी वेगळीच परीक्षा ठेवली आहे. सोळा प्रसंग, रुग्णाच्या भूमिकेत नट, आणि विद्यार्थी त्याच्याशी बोलत असताना परीक्षक समोर हजर. खर्चिक काम आहे, आपल्याला नट परवडायचे नाहीत.

पण आपल्या हातात एक गोष्ट आहे. 2020 च्या नियमानुसार प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावं लागतं. ते समाधानकारक झाल्याशिवाय शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. हे ‘समाधानकारक’ नुसत्या हजेरीवर ठरू नये. औंधच्या जिल्हा रुग्णालयात असो की आणखी कुठं, विषबाधेतून वाचलेल्या माणसाशी (त्याची संमती घेऊन) विद्यार्थी बोलत असताना वरिष्ठानं शेजारी बसावं. जीव द्यायचा विचार अजून मनात आहे का, हे त्यानं सरळ विचारलं का? घरात फवारणीचं औषध कुठं ठेवता, किल्ली कुणाकडे असते, हे विचारलं का? बायकोला, भावाला बाजूला घेऊन ते कुलपात ठेवायला सांगितलं का? पोलिसांच्या धाकानं गप्प बसलेल्या घरच्यांना 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 समजावलं का? अशा वेळी शिक्षेऐवजी उपचाराची जबाबदारी हा कायदा सरकारवर टाकतो. आणि घरी जाताना 14416 हा टेलिमानसचा फुकट फोन नंबर चिठ्ठीवर मराठीत लिहून दिला का?

हे सगळं पाहायला अर्धा तास पुरतो. त्यानंतरच वरिष्ठानं त्या कागदावर सही करावी.