पिंपावरचं ‘इन’ काढा

थिनर, पेट्रोल, सॉल्व्हंट यांच्या पिंपांवर आणि टँकरच्या पाठीवर ‘इन्फ्लेमेबल’ लिहिणं बंद करा, अशी माझी कारखानदारांना कळकळीची विनंती आहे. त्याऐवजी ‘फ्लेमेबल’ लिहा आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा: ‘लगेच पेट घेतं’.

मी आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडच्या मुलांना इंग्रजी शिकवते. थिनरच्या डब्यावरचा हा शब्द एकाला वाचायला दिला. त्यानं नीट वाचला आणि अर्थ सांगितला, ‘आग न लागणारं.’ मुलगा हुशार आहे. करेक्टच्या उलट इनकरेक्ट, ॲक्टिव्हच्या उलट इनॲक्टिव्ह, हे शाळेत त्याच्याकडून घोटून घेतलेलं. तोच नियम त्यानं इथे लावला. पण हे ‘इन’ नकाराचं नाहीच. ‘पेटवणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून ते जसंच्या तसं आलंय. इन्फ्लेमेबल म्हणा की फ्लेमेबल, दोन्ही पेट घेणारेच. न पेटणारं ते नॉनफ्लेमेबल.

अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशननं हा घोळ ओळखून १९२०च्या दशकातच ‘फ्लेमेबल’चा आग्रह धरला. आपण अजून जुनाच छाप मारतो.

शब्दानं आग लागते का, असं कुणी विचारेल. बेंजामिन ली व्होर्फ हा भाषेचा अभ्यासक नोकरी करायचा हार्टफर्डच्या अग्निविमा कंपनीत. आगींची कारणं तपासताना त्याला दिसलं, की पेट्रोलच्या भरल्या पिंपांजवळ जपून वागणारी माणसं ‘रिकाम्या’ पिंपांजवळ खुशाल सिगारेट ओढतात. रिकाम्या पिंपात वाफ उरलेली असते, आणि हवेत मिसळलेली ती वाफ ठिणगीसरशी भडकते.

माझ्या मुलांपैकी कितीतरी जण उद्या असलीच जुनी पिंपं गॅस कटरनं कापणार आहेत. त्याआधी पिंप आतून स्वच्छ धुवायचं, वाफ उरलेली नाही याची खात्री करायची, हे आमचे निदेशक वर्कशॉपमध्ये बजावून सांगतात. पण आत काय होतं हे मुलगा ओळखणार कशावरून? बाहेरच्या छापावरून. तो छाप बहुतेक ठिकाणी स्टेन्सिलनं मारतात. स्टेन्सिलच्या सुरुवातीची दोन इंग्रजी अक्षरं झाकली आणि खाली मराठी ओळ कापून घेतली, की काम झालं.