आधी पंगत, मग बाप्तिस्मा

नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी गोंदियावरूनच जाते. कवी नारायण वामन टिळक याच मार्गाने राजनांदगावला निघाले होते, तेव्हा डब्यातल्या एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नव्या कराराची प्रत दिली. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या धर्मांतराची गोष्ट सांगणारे बहुतेक जण या डब्यापाशीच रेंगाळतात. आम्हाला त्याहून मोठी वाटते ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या पाण्याची गोष्ट.

लक्ष्मीबाईंच्या माहेरी सोवळ्याचं वेड होतं. वडिलांच्या धाकाने बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. नवरा ख्रिस्ती झाला आणि त्या काही वर्षं दूर राहिल्या. परत आल्या त्या सोवळं घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. मग त्यांच्या मनाने घेतलं की जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसांनी केल्या. यापुढे कुणाच्याही हातचं खायचं, कुणाच्याही हातचं प्यायचं. हे ठरलं तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 मधला.

आता याच बाबतीत पेत्र पाहा. येशूचा पहिल्या फळीतला शिष्य. बाहेरून पोटात जाणारं अन्न माणसाला विटाळत नाही, ही शिकवण त्याने गुरूकडूनच घेतलेली. पुढे याफ्याला धाब्यावर प्रार्थना करताना त्याला दृष्टांत झाला. आकाशातून चादर उतरली, तिच्यात मोशेच्या नियमाने निषिद्ध असलेले प्राणी, आणि ते खाण्याची आज्ञा. एकदा नव्हे, तीनदा. त्यानंतर तो कर्नेल्य या रोमी शतपतीच्या घरी गेला, तिथल्यांना बाप्तिस्मा देवविला. एवढं होऊनही अंत्युखियात काय झालं? यहुदी नसलेल्या ख्रिस्त्यांबरोबर तो जेवत असे. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आली आणि पेत्राने त्या पंगतीतून अंग काढून घेतलं. त्याचं पाहून पौलाचा सोबती बर्णबाही बाजूला झाला. प्रेषित पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष खडसावलं आणि गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात ते नोंदवूनही ठेवलं.

पेत्राची श्रद्धा डळमळली नव्हती. त्याला भीती वाटली आपल्याच माणसांची.

ही भीती लक्ष्मीबाईंपुढेही होती, आणि ती साधी नव्हती. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांनी पुढे केलेल्या चहापायी बहिष्काराचं केवढं ग्रामण्य माजलं! न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसालाही अखेर प्रायश्चित्त घ्यावं लागलं. लोकमान्य टिळकांनाही ते चुकलं नाही. जिथे या दोघांचा निभाव लागला नाही, तिथे काही वर्षं पोरासह एकटी राहिलेली, जेमतेम लिहावाचायला शिकलेली बाई ठाम उभी राहिली. पाठीशी ना पदवी, ना पक्ष. बाप्तिस्म्यानंतर निदान चर्चचा आधार मिळाला असता. तिने तेवढीही वाट पाहिली नाही. आमच्या मते या प्रश्नावर लक्ष्मीबाई पेत्राच्या पुढे गेल्या आहेत. हे म्हणताना आम्हाला जराही संकोच वाटत नाही.

धर्मांतराच्या वादात मात्र दोन्ही बाजू बाप्तिस्मेच मोजत बसतात. एक बाजू अभिमानाने, दुसरी संतापाने. कोण कुणाच्या पंगतीला बसलं, हे कुणी विचारत नाही. तिरुचिरापल्लीत एका कॅथलिक दफनभूमीत दलित ख्रिस्त्यांच्या कबरी इतरांपासून वेगळ्या ठेवणारी भिंत बांधलेली आहे. भिंतीच्या दोन्ही बाजूंना पुरलेल्यांचा बाप्तिस्मा एकच. गलतीकरांना लिहिलेलं ते पत्र तिथल्या चर्चमध्येही वाचलं जातं. पेत्राला पौलाने तोंडावर जाब विचारला होता. या भिंतीचा जाब तिथल्या बिशपांना त्यांच्याच वेदीसमोर उभं राहून कोण विचारणार?